एफ.वाय.ला कुठलं पुस्तक लावायचं

सभेचे अध्यक्ष, प्राचार्य साहेब, सचिव साहेब, वहिनी, माझे सहकारी आणि पोरांनो,

खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मागं दारात माणसं उभी आहेत. पेरणीच्या दिवसांत हातातलं काम टाकून तुम्ही आलात. जगदाळे सरांच्या नावावर एवढी माणसं जमली, आणि तिथं सरच नाहीत.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणाले. तास तास बोलणारी बाई मी. पण 'सर आहेत'च्या जागी 'सर होते' म्हणायची जिभेला सवय नाही. चुकून 'आहेत' म्हणाले तर सांभाळून घ्या.

नवीन मंडळींसाठी सांगते. मी लोखंडे, म्हसवडची. पाच वर्षांपूर्वी इथं अर्थशास्त्र विभागात लागले. विभाग म्हणजे आम्ही दोघंच. सर विभागप्रमुख, आणि उरलेला सगळा विभाग मी. गेल्या गुरुवारी मिरजेच्या दवाखान्यात सर गेले. सोमवारी प्राचार्यांनी मला बोलावून प्रभारी प्रमुख केलं. सरांची खुर्ची तशीच आहे. मी अजून माझ्याच स्टुलावर बसते.

आत्ता सचिव साहेबांनी एक सूचना केली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या वाजत नाहीत, पण वाजल्या, कारण सूचना मनापासूनची होती. यंदा अभ्यासक्रम बदललाय. एफ.वाय.ला सूक्ष्म अर्थशास्त्राचं नवीन पुस्तक लावायचंय. सरांनी आठ वर्षं खपून त्याच विषयाचं पुस्तक लिहिलं, दिवाळीत ते सांगलीला छापून आलं. तेच लावावं, हीच सरांना श्रद्धांजली, असं सचिव साहेब म्हणाले.

पुस्तकाच्या शिफारशीवर विभागप्रमुखाची सही लागते. म्हणजे आता माझी. मला त्या सहीबद्दल बोलायचंय. मी जे बोलणार आहे ते कुणाला आवडेल असं वाटत नाही. पण शेवटपर्यंत ऐका. सर सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, माझं सुद्धा.

पहिल्या वर्षाचं पुस्तक हे एवढं महत्त्वाचं का? तर सूक्ष्म अर्थशास्त्र म्हणजे रानात काय लावायचं, बाजारात काय घ्यायचं, दुकानदारानं भाव काय सांगायचा, हेच. पोरगं हे सगळं लहानपणापासून बघतं. आणि पुस्तक उघडलं की त्यातलं काहीच त्याच्या ओळखीचं वाटत नाही! मग पोरगं ठरवतं, आपल्याला डोकं नाही. पहिल्या वर्षी एकदा हे ठरवलं की पुढं कुणाच्या बापाला ते बदलता येत नाही.

शोभा, तुझी गोष्ट सांगू ना? शोभा मागं बसलीय. मान हलवली. सांगते.

मी नोकरीला लागले त्या वर्षी शोभा एफ.वाय.ला होती. तिचे वडील फौजेत. सहामाहीच्या पेपरात मी प्रश्न घातला होता : घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत स्पष्ट करा. आता सीमांत उपयोगिता म्हणजे काय? वस्तूचा आणखी एक नग घेतला तर त्यापासून मिळणारं जादा समाधान. नग वाढत गेले की ते समाधान घटत जातं. एवढंच. शोभानं काय लिहिलं होतं, ते मला आजही पाठ आहे. 'सीमांत उपयोगिता म्हणजे सीमेच्या अंतावर असलेल्या जवानाचा देशाला होणारा उपयोग. जवान तरुण असताना ती जास्त असते. वय वाढेल तशी ती घटत जाते. शेवटी ती शून्य होते व जवान पेन्शनीवर घरी येतो. पण नंतर तो घरच्यांना उपयोगी पडतो.'

हसा, हसा. मीही हसले होते. स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं होतं मी. सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पेपर मागून घेतला, चष्मा पुसला, दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, यात चूक कुठाय?"

मी म्हटलं, "सर, सगळंच चूक आहे. मी शून्य दिलंय."

"सीमा म्हणजे बॉर्डर, अंत म्हणजे शेवट. पोरीनं शब्द फोडून अर्थ लावलाय. पुस्तकानं तिला दुसरा अर्थ कुठं सांगितलाय? आणि शेवटचं वाक्य बघा. एका कामातला उपयोग संपला की दुसऱ्या कामातला सुरू होतो. हे आपण दहाव्या प्रकरणात शिकवतो. तिला आत्ताच कळलंय."

शून्याचे गुण काही वाढले नाहीत. सर तसले लाड करत नसत. पण त्यांनी शोभाला बोलावलं. पोरगी इकॉनॉमिक्स सोडून मराठी घ्यायचा अर्ज लिहून आली होती. सर म्हणाले, "अर्ज दे, पण पुढच्या आठवड्यात दे. तोवर रोज अर्धा तास येऊन मला पुस्तक वाचून दाखव." शोभा वाचायची, सर पेन्सिल घेऊन ऐकायचे. ती जिथं अडखळायची तिथं पानाच्या कडेला एक टिंब काढायचे. आठवड्यानं त्यांनी ते पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. पान पान तीळ पेरल्यासारखं दिसत होतं. म्हणाले, "ही पोरगी ढ नव्हे. आपण ढ पुस्तक लावलंय." शोभानं अर्ज फाडला. बी.ए. इकॉनॉमिक्सलाच केलं तिनं.

तेव्हापासून पुस्तक निवडायची सरांची पद्धत ठरली. ते म्हणायचे, "पुस्तक वाचणार नवखा. आणि निवडतो कोण? ज्यानं वीस वर्षं तेच शिकवलंय तो. त्याला कुठं अडतंय? ज्याला अडतं त्यालाच बसवा वाचायला." म्हणून यंदा एप्रिलमध्ये बारावीची परीक्षा दिलेली पाच पोरं आम्ही बोलावली. आपल्यापैकी काहींना वाटलं, सर सुट्टीत शिकवणी घेतायत. शिकवणी आमची चालली होती.

माझी पसंती होती एका लाल पुस्तकाला. जाडजूड, भाषांतर केलेलं, आकृत्या अशा सुबक की बघत राहावं. मी त्यासाठी सरांशी भांडले. हो, भांडले. माझा आवाज प्राचार्यांच्या केबिनपर्यंत जायचा, प्राचार्य साहेब साक्षीदार आहेत. मी म्हणायचे, "सर, आपल्या पोरांना आपणच कमी समजतो. पुण्याची पोरं जे वाचतात ते यांनी का नाही वाचायचं?" हे मी म्हसवडमधनं शिकून आलेली बाई म्हणत होते, मनापासून म्हणत होते. सर एवढंच म्हणाले, "बसवा वाचायला."

बसवलं. पहिल्याच पानावर बारा टिंबं.

मग मी हट्टानं एक गाईड आणलं. म्हटलं, टिंबंच मोजायची ना? हे घ्या. पोरगा धडाधड वाचत सुटला, एक टिंब नाही! मला वाटलं, सर आता सापडले. सरांनी त्याला विचारलं, "काय कळलं रं?" पोरगा म्हणाला, "कळलं काय न्हाई सर, पन पाठ हुईल."

तेव्हा सरांनी मला जे सांगितलं ते मी पोरांना शिकवत राहणार आहे. म्हणाले, "बाई, टिंबं नुसती मोजू नका, कशावर पडली ते बघा. पोरगी शब्दाला अडली तर दोष पुस्तकाचा. विचाराला अडली तर तिला जरा वेळ द्या, ती शिकतीय."

तिसरं एक पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. बारीक, कागद बरा नाही, आकृत्या तर हातानं काढल्यासारख्या. मी ते बाजूलाच ठेवलं होतं. त्यात एक माणूस लग्नाच्या पत्रिका वाटायला निघतो. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी चहा, तिसऱ्या घरी नको म्हणता येत नाही म्हणून चहा, चौथ्या घरी हात जोडतो. मग पुस्तक म्हणतं, 'आणखी एका कपानं जे समाधान मिळालं त्याला सीमांत उपयोगिता म्हणतात. सीमा या शब्दाशी इथं संबंध नाही.' वाचणारी पोरगी थांबली. मागं गेली. परत वाचलं. आणि म्हणाली, "सर, मग चौथ्या घरचा चा वंगाळ नव्हता. ह्येचंच प्वाट भरलं हुतं." सरांनी पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हरले."

आता चौथं पुस्तक. सरांचं.

मित्रहो, मला इथं खरं बोललं पाहिजे. सर देव नव्हते. लाल पुस्तक वाचायला बसवलं, गाईड बसवलं, पिवळं बसवलं, पण स्वतःचं पुस्तक काही ते पोरांपुढं ठेवेनात. मी आठवण करून दिली की म्हणायचे, "माझं नंतर बघू." एकदा म्हणाले, "त्याची शाई वाळू दे." दिवाळीत छापलेल्या पुस्तकाची शाई एप्रिलमध्ये वाळायची होती! मी चिडवायचे, ते विषय बदलायचे. आठ वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक पेन्सिलीखाली द्यायला कुणाचा जीव होईल? सरांचा होत नव्हता.

आणि मेमध्ये ते आजारी पडले. मिरजेला हलवलं. मी दर रविवारी पॅसेंजरनं जायचे. दुसऱ्या रविवारी गेले तर काय बघते? सर उशीला टेकून बसलेत, हातात पेन्सिल. आणि वहिनी खाटेशेजारी स्टुलावर बसून त्यांचंच पुस्तक मोठ्यानं वाचतायत.

वहिनी, मी जे बघितलं तेच सांगते. चुकलं तर थांबवा.

वहिनी रहिमतपूरजवळच्या खेड्यातल्या. सातवीपर्यंत शाळा. त्यांनी विचारलं होतं म्हणे, "आवं, आट वर्सं काय लिवत हुता त्ये मला तरी कळू द्या." आणि सरांनी पुस्तक हातात दिलं. मी पोचले तेव्हा वहिनी 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य' या धड्यावर आल्या होत्या. तो शब्द त्यांनी तीनदा म्हणून बघितला. मग सरांना विचारलं, "आवं, ह्यो संतोष कोन म्हनायचा?"

सर एवढे हसले की सिस्टर धावत आल्या. हसून झाल्यावर त्यांनी टिंब काढलं.

मग एक दीड पान असं आलं की वहिनी कुठं थांबल्याच नाहीत. त्यात एका बाईकडं सकाळी एकच तास आहे. त्यात तिनं म्हशीची धार काढावी की रानातलं तण भांगलायला जावं? एक केलं तर दुसरं जातं. दीड पान वाचून वहिनी म्हणाल्या, "ही बाई म्हंजी मीच न्हवं?"

सर म्हणाले, "व्हय."

"मग मला इचारलं का न्हाई? धार काडाया कवा येक तास लागतो व्हय?"

सर्वांत विद्वान टीका ती होती. सरांनी तिथंच पेन्सिलीनं 'तास' खोडून 'अर्धा तास' केला.

आता मी येते त्या गोष्टीवर, जी मी कुणालाच सांगितली नाही. वहिनींना सुद्धा नाही. त्याच दिवशी वहिनी गरम पाणी आणायला खाली गेल्या. सरांनी पुस्तक मिटलं. मला म्हणाले, "बाई, माझं पुस्तक नापास. हिला जिथं अडलं तिथं शब्दच आडवा आला होता, विचार नव्हे. माझी सगळी भाषा परीक्षकासाठी आहे, पोरांसाठी नाही. लावू नका."

मी म्हटलं, "सर, तुम्ही आधी बरे व्हा, मग बघू."

ते म्हणाले, "बरा झालो तर माझं मीच नाकारीन. नाही झालो तर लोक प्रेमानं लावतील. तेवढं तुम्ही अडवा."

आणि मी काय केलं? हो म्हणाले नाही. मी म्हटलं, "सर, चहा आणू का?" वाद घालायला पाच वर्षं माझी जीभ कमी पडली नाही, आणि जिथं एक 'हो' म्हणायचं होतं तिथं मी चहा आणायला गेले. मला त्याची लाज वाटते. मला सरांचा रागही येतो. अशी कामं मागं टाकून जायचं असतं का? कोणाशी भांडू आता मी?

वहिनी, माझ्यासाठी सगळ्यांत अवघड आहे ते हे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ते पुस्तक दाखवता. टिंबांवर बोट ठेवून म्हणता, "बगा, ह्येंनी आवडलेल्या वळींवर खुना केल्यात." मी तिथं बसलेली असते आणि मान हलवते. वहिनी, त्या आवडलेल्या ओळी नाहीत. तुम्ही जिथं अडलात, त्या जागा आहेत. हे मी चार भिंतींत सांगायला हवं होतं. तीन दिवस प्रयत्न केला, जमलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगतेय, मला माफ करा.

पण एवढं ऐका. सरांनी तुमच्या वाचण्याला हसण्यावारी नेलं नाही. पुण्याच्या विद्वानांनी त्या पुस्तकाला चांगलं म्हटलं होतं, पत्रं आली होती, ती मी फाइलला लावलीत. सरांनी त्या पत्रांवर निकाल दिला नाही. तुम्ही अडलात, त्यावर दिला. माणूस आठ वर्षांचं काम बायकोच्या एका वाचनावर बाजूला ठेवतो, आणि वर हसतो. असा माणूस मी दुसरा बघितला नाही. मला ते अजून हवे होते, वहिनी.

तेव्हा, सचिव साहेब, तुमच्या भावनेचा पूर्ण मान ठेवून सांगते. सरांच्या पुस्तकाच्या शिफारशीवर मी सही करणार नाही. प्रभारी आहे, नवीन आहे, बाई शेफारली असं कुणी म्हणेल. म्हणू देत. त्या रविवारी जो होकार द्यायचा राहिला तो आज देते : हो सर, अडवते.

एफ.वाय.ला पिवळं पुस्तक लागेल. आणि सरांच्या पुस्तकातलं ते दीड पान झेरॉक्स काढून पहिल्या दिवशी प्रत्येक पोराच्या हातात जाईल. अर्धा तास, अशी दुरुस्ती करून. त्यात सरांचं नाव राहील. एखादं पान जरी असं लिहून झालं तर मास्तरकीचं सार्थक आहे, असं माझं मत आहे, आणि माझी मतं सहसा ठाम असतात हे तुम्ही जाणता.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू या. वहिनी, तुम्ही बसा, तुमचे गुडघे...

काय म्हणताय, वहिनी? थांबा हं, जरा शांत राहा मागं. मोठ्यानं सांगा वहिनी, मागच्यांना ऐकू दे.

ऐकलं सगळ्यांनी? नसेल तर मी सांगते, त्यांच्याच शब्दांत. वहिनी म्हणतायत, "मला कळलं न्हाई म्हनून त्येंनी मोडीत काडलं. मग तुमी कोन ते लावनार?"

सचिव साहेब होकाराची मान हलवतायत. यावर विभागप्रमुखाला आणखी काही बोलायचं नाही.

वहिनी उठल्यात. आपणही उठू या. सर, नमस्कार.